अण्णांच्या जवळचं कोण

धाकटा वॉर्डच्या दारातून आत आला आणि थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यातच होता, पण या दुखण्यावर तिथं कुणाकडे गोळी नव्हती. धाकटा पाळण्यात होता तेव्हापासूनचं ते दुखणं, आणि आता दोघांच्याही डोक्यावर पांढरं आलं तरी ते जायचं नाव घेत नव्हतं.

अण्णांच्या उशाशी इतके दिवस कोण बसलं होतं? थोरला. भांडं कोण देत होतं, कूस कोण बदलून देत होतं, सूप गार करून चमच्यानं कोण भरवत होतं? थोरला आणि त्याची बायको. पण धाकटा आला, हातात रंगीत कागदात गुंडाळलेली फळांची करंडी, अंगाला भारी अत्तराचा वास, आणि सिस्टरनं लगबगीनं खुर्ची पुढं केली ती त्याला. आत्यांनी तर त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि किती वाळलास रे म्हणून हळहळल्या. धाकट्याचं पोट शर्टाच्या बटणांना जुमानत नव्हतं. वाळलास म्हणे!

आत्या म्हणजे अण्णांची पाठची बहीण. कालपर्यंत त्या थोरल्याच्या बाजूनं होत्या. तू आहेस म्हणून माझा भाऊ आहे, असं कालच डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या होत्या. आज करंडीतली दोन द्राक्षं तोंडात पडली आणि पारडं फिरलं.

अण्णा दुकानात ओल्या फरशीवरून घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, सगळं नीट पार पडलं. राहिली होती एकच गोष्ट. या दवाखान्याची रीत अशी, की म्हातारं माणूस खुब्यासाठी आलेलं असो नाहीतर दम्यासाठी, घरी सोडण्याआधी त्याच्या स्मरणशक्तीची तपासणी व्हायची. डॉक्टरांनी तसं सांगितलं, आणि थोरल्याच्या बायकोनं सरळ मनानं ते धाकट्याला फोनवर कळवून टाकलं. त्याबद्दल तिनं नवऱ्याची बोलणीही खाल्ली. कारण धाकट्याला काय हवं होतं ते थोरल्याला पाठ होतं. अण्णांना माझ्याकडे पाठव, माझ्याकडे लिफ्ट आहे, दिवसभराची बाई ठेवतो, असं टुमणं त्यानं कधीपासून लावलं होतं. आता पायाबरोबर डोकंही दगा देतंय असं ठरलं, तर वस्तऱ्या-कात्र्यांच्या दुकानात आणि उंच जिन्याच्या घरात त्यांना ठेवा असं कोण म्हणणार? तपासणीत अण्णा पास व्हायलाच हवे होते. नाहीतर अण्णा गेले.

आणि अण्णा गेले तर थोरल्याकडे राहतं काय? दुकानात दोन खुर्च्या. पहिली अण्णांची, दुसरी थोरल्याची. मिसरूड फुटल्यापासून तो दुसऱ्या खुर्चीमागं उभा होता. गिऱ्हाइकांसमोर अण्णा त्याला 'ठोंब्या' म्हणायचे. ठोंब्या, टॉवेल. ठोंब्या, कानामागं राहिलंय. धाकट्याला मात्र 'राजा'. राजानं कात्री हातात धरली ती नाखुशीनंच, आणि दूरच्या मोठ्या शहरात जाऊन तीन चकचकीत पार्लरं उघडली. तिथं तो स्वतः कुणाचा केससुद्धा कापत नाही. तरी अण्णांच्या तोंडी कायम राजाचंच कौतुक असायचं.

सगळ्यांत झोंबायचा तो संध्याकाळचा फोन. दुकान बंद करायच्या वेळी अण्णा फोन घेऊन पायरीवर जाऊन बसायचे आणि मागं काचेचं दार ओढून घ्यायचे. त्यांना नंबर लावता येईनासा झाला तेव्हा थोरल्यानंच फोनमध्ये सोय करून दिली होती: एक बटण दाबलं की थेट धाकटा. स्वतःच्या नंबराची सोय त्यानं केली नाही, कारण तो तर शेजारीच उभा असायचा. मग आत थोरला फरशीवरचे केस झाडायचा आणि बाहेर अण्णा हसायचे. पोटभर, मान मागं टाकून. काचेतून शब्द यायचे नाहीत, पण एकदा दार किलकिलं राहिलं होतं आणि त्यानं ऐकलं होतं, "तुझ्यासारखा हात कुणाचा नाही रे, माझाही नाही." त्या संध्याकाळी झाडूची मूठ त्याच्या हातात मोडायची बाकी राहिली होती.

स्मृतीची तपासणी करणाऱ्या मॅडम आल्या त्या पाऊल न वाजवता. वयानं थोरल्याच्या मुलीएवढ्या, बोलणं सावकाश, घाई कसली ती नाहीच. भुलीचा अंमल पुरता उतरावा म्हणून मुद्दाम थांबले होते, असं त्यांनी सांगितलं. घाबरायचं कारण नाही, ही नुसती चाळणी आहे, चाळणीत काही अडकलं तर पुढं नीट बघायचं. नातेवाइकांनी मागं उभं राहावं आणि तोंड उघडू नये, एवढीच त्यांची अट होती. आत्यांना ती फार जड गेली.

अण्णांनी सुरुवात झोकात केली. मॅडमनी साल विचारलं तर म्हणाले, "साल राहू द्या, तुमच्या केसांची टोकं फुटलीत, ती आधी बघा." मॅडम हसल्या. महिना विचारला तर अण्णांनी त्यांच्या भांगाची चूक काढली. आत्या खुदखुदल्या, धाकटाही हसला. थोरला हसला नाही. त्याला ही युक्ती माहीत होती. गिऱ्हाइकाचं नाव आठवलं नाही की अण्णा त्याच्या केसांची अशीच थट्टा करायचे, आणि मागून थोरला हळूच नाव पुरवायचा. आताही साल त्याच्या जिभेवर आलं होतं. त्यानं दात आवळून धरले.

मॅडमनी तीन शब्द सांगितले: सायकल, लिंबू, टोपी. लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन. मग कोरा कागद दिला आणि सांगितलं, घड्याळ काढा, सगळे आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं झालेली दाखवा. अण्णांनी गोल काढला तो असा, की कंपासपेटीनं लाजावं. वर बारा घातले. मग एक, दोन, तीन, सगळे आकडे डाव्या अंगानं खाली उतरवत नेले आणि उजव्या अंगानं वर आणले. मॅडमनी कागद निरखून पाहिला, धाकट्यानं आत्यांकडे पाहिलं आणि आत्यांनी कपाळाला हात लावला.

आता मात्र थोरल्याला राहवेना. अट गेली खड्ड्यात. त्यानं पुढं होऊन सांगितलं, की दुकानातलं घड्याळ मागच्या भिंतीवर आहे. केस कापणारा माणूस आरशाकडे तोंड करून उभा असतो, त्याला घड्याळ दिसतं ते आरशात. अण्णांनी जन्मभर वेळ बघितली ती उलटीच. त्यांच्या हातातून सुलटं घड्याळ येईल कसं? हे बोलताना त्याची छाती फुगली होती, आणि नजर मॅडमवर नव्हती, धाकट्यावर होती. तुझ्या पार्लरात बसून हे कळतं का, बघ!

मॅडमनी मान डोलावली. हे छान सांगितलंत, आकड्यांचं कोडं सुटलं म्हणाल्या. मग कागद त्याच्यापुढं धरला आणि हळू आवाजात विचारलं, "पण काटा एकच आहे. आरशात काटे दोन दिसतात ना?"

थोरला मागं आपल्या जागी जाऊन उभा राहिला. पुढं त्या तीन शब्दांपैकी अण्णांना एकही आठवला नाही. लिंबाची आठवण मॅडमनी करून दिली तेव्हा अण्णा जरा रागावूनच म्हणाले, की लिंबाचं बोलणं झालंच नव्हतं.

व्हरांड्यात आल्यावर मॅडम म्हणाल्या, की एवढ्यावरून काही ठरत नाही. नवी जागा, दुखणं, औषधं, यांनीही माणूस गांगरतो. म्हणून घरच्या कुणाला तरी काही विचारायचं असतं: आधी कसे होते, आता कसे आहेत. "त्यांना सगळ्यांत जवळून ओळखणारं कोण आहे?"

हे विचारलं मात्र, आणि व्हरांड्यात ठिणगी पडली. थोरला म्हणाला, मी. धाकटाही त्याच वेळी म्हणाला, मी. आत्या म्हणाल्या, बहीण म्हणून माझा मान पहिला, मी त्यांना शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून ओळखते. त्या अण्णांपेक्षा लहान, तेव्हा शेंबूड कुणी कुणाचा पुसला ते देवालाच ठाऊक. धाकट्यानं शांतपणे सांगितलं, की अण्णा रोज संध्याकाळी मनातलं बोलतात ते माझ्याशी. दादाशी ते टॉवेल आण, पाणी आण यापलीकडे बोलतात का, हे दादानंच सांगावं.

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फोनवर गप्पा मारायला काय जातंय तुझं? त्यांची नखं कोण कापतं? रात्री उठले तर दिवा कोण लावतं? आरशातलं घड्याळ तुला सुचलं का?"

"दादा, आवाज कमी. दवाखाना आहे."

"मला दवाखाना शिकवू नकोस. इथं कुणाची रात्र गेलीय आणि कुणाची सकाळ, सगळ्या वॉर्डाला माहीत आहे."

थोरल्याच्या बायकोनं मध्ये पडून तोडगा काढला. दोघांनाही आत घ्या, मॅडम. बोलतील हे, कारण रोजचं यांना माहीत. भावोजी नुसतं ऐकतील. धाकट्यानं खांदे उडवले. आत्यांना बाहेर बसावं लागलं, आणि त्यांनी लगेच थोरल्याच्या बायकोचा हात धरून सांगून टाकलं, की त्यांचं मत पहिल्यापासून थोरल्याच्याच बाजूचं होतं.

मॅडमची खोली वॉर्डाला लागूनच होती. एक टेबल, तीन स्टुलं, आणि मधल्या भिंतीपलीकडे अण्णांची खाट. थोरला टेबलाजवळच्या स्टुलावर बसला, अगदी मानाच्या पाटावर बसल्यासारखा. धाकटा खिडकीशी. जिंकल्याचं समाधान थोरल्याच्या चेहऱ्यावरून लपत नव्हतं, आणि काय उत्तरं द्यायची ते त्यानं मनाशी पक्कं केलेलं होतं.

मॅडम विचारत गेल्या, तो उडवत गेला. वस्तू हरवतात का? कुणाच्या हरवत नाहीत? तेच तेच विचारतात का? म्हाताऱ्या माणसाची सवयच असते. ओळखीच्या रस्त्यात चुकतात का? छे. पडायच्या आठवडाभर आधीच दुकानातून घरी येताना अण्णा भलत्याच वळणावर गेले होते आणि थोरल्यानं त्यांना पानवाल्याच्या ओट्यावरून उठवून आणलं होतं, पण तो भाग त्यानं गिळला. वस्तरा? वस्तरा हल्ली मीच धरतो, त्यांचे डोळे थकलेत म्हणून. डोळ्यांवर ढकललं की बरं असतं.

धाकटा खिडकीतून बाहेर बघत होता. एकदाही मध्ये बोलला नाही, याचंच थोरल्याला नवल वाटलं.

"घरच्यांना ओळखतात?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे काय! न ओळखायला झालंय काय?"

"तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?"

हा प्रश्न जणू त्याच्यासाठीच राखून ठेवला होता. थोरला सरसावून बसला. धाकट्याला ऐकू जाईल अशा बेतानं आवाज जरा चढवलाच. आधी ठोंब्या म्हणायचे, म्हणाला, लहानपणापासून. पण वर्षभरात सगळं बदललं. आता 'अहो कारागीर' म्हणतात. तुम्ही बसा, तुम्ही चहा घ्या, तुमचा हात चांगला आहे, असं अगदी मान देऊन बोलतात. "उशिरानं का होईना, पण अण्णांना माझी किंमत कळली, मॅडम. बाप मुलाला अहोजाहो करतो म्हणजे काही कमी झालं का?"

बायकोनं एकदा हटकलं होतं, की अहो, पगारावर ठेवलेल्या माणसाला आपण कारागीर म्हणतो. त्यावर तो असा खेकसला होता, की तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. सगळ्या जन्मात एकदा मान मिळाला तर तोही बायकोच्या डोळ्यांत खुपावा, असं त्याला वाटलं होतं.

मॅडम लिहायच्या थांबल्या. खिडकीशी धाकट्यानं डोळे मिटून घेतले होते.

"दादा," तो म्हणाला, "ठोंब्या आता मी आहे."

थोरल्याला समजलं नाही. थट्टा वाटली, आणि ती त्याला मुळीच आवडली नाही. धाकट्यानं स्टूल जवळ ओढलं आणि मॅडमकडे नाही, भावाकडे बघत सांगायला सुरुवात केली. फोन लागला की अण्णा पहिलं वाक्य बोलतात, ठोंब्या, जेवलास का? पहिल्यांदा त्याला वाटलं चुकून म्हणाले. त्यानं सांगून बघितलं, अण्णा, मी राजा बोलतोय. तर अण्णा गोंधळले, मग चिडले, मग रडले. दोघांचा आवाज फोनवर सारखाच, लग्नाच्या बायकाही फसतात, तिथं अण्णांचं काय? पुढं पुढं त्यानं सांगायचंच सोडलं.

"वर्षभर तू होऊन बोलतोय मी. तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगतात, तुझ्या हाताचं कौतुक करतात. दुकान सोडून कुठं गेलास विचारतात, परत ये म्हणतात. मी हो हो करतो."

थोरला स्टुलावरून अर्धा उठला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होतो?" धाकट्याचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "एवढ्या वर्षभरात त्यांनी माझं नाव एकदाही काढलं नाही, दादा. राजा कुठं आहे, कसा आहे, एकदाही नाही. तुझा हेवा करत करत मी रोज तो फोन उचलायचो. म्हणून म्हणत होतो माझ्याकडे पाठव. डोळ्यांसमोर राहिलो, तर निदान मी आठवेन."

थोरला टेबलाची कड बोटांनी घट्ट धरून बसला होता. तो अहोजाहोचा सगळा थाट त्याच्या अंगावरून उतरला, आणि आत उरला तो दुकानातला पगारी माणूस, ज्याला अण्णा चांगलं वागवत होते. मान नव्हता तो. परक्याशी आपण जसं नीट बोलतो, तसं बोलणं होतं ते. आणि काचेपलीकडचं हसणं, तो हात, ते कौतुक, सगळं त्याचंच होतं. झाडू मारत उभं राहून तो ज्याच्यावर जळत होता, तो तोच होता. हसावं की रडावं ते त्याला कळेना.

मग त्यानं मॅडमना सांगितलं, मघाचं सगळं खोडा. पानवाल्याचा ओटा सांगितला. गिऱ्हाइकांची नावं तो मागून कशी पुरवायचा ते सांगितलं. एकदा अण्णांनी अर्धी दाढी करून गिऱ्हाईक तसंच सोडलं आणि चहाला निघून गेले, तेही सांगितलं. मॅडमनी मध्ये अडवलं नाही. रक्त तपासायचं, डोक्याचा फोटो काढायचा, कधी कधी साधी कारणं निघतात आणि माणूस सुधारतो, असं त्या म्हणाल्या. कुणी कुठं राहायचं ते आज ठरवायची गरज नाही. बघू, म्हणाल्या, आणि दोघांना थोडा वेळ बसू द्यावं म्हणून उठून बाहेर गेल्या.

त्या गेल्या आणि धाकट्याच्या खिशातला फोन वाजू लागला. पडद्यावर अण्णांचं नाव होतं. भिंतीपलीकडे खाट कुरकुरली.

धाकट्यानं फोन काढला, थोडा वेळ हातात धरला, आणि थोरल्यापुढं केला. "घे. तुलाच आहे."

थोरल्यानं फोन कानाला लावला. अण्णांचा आवाज फोनातूनही आला आणि भिंतीतूनही.

"ठोंब्या, जेवलास का?"

"हो, अण्णा."

"खोटं बोलू नकोस. उपाशी राहिलास की तुझा आवाज बसतो." आणि अण्णा हसले. तेच हसणं. इतक्या जवळून थोरल्यानं ते कधी ऐकलं नव्हतं. "कुठं आहेस?"

"इथंच आहे. जवळच."

"मग ये ना रे. इथं तो कारागीर असतो. भला माणूस, रात्रंदिवस राबतो, नाव ठेवायला जागा नाही. पण परक्याकडून किती करून घ्यायचं? भांडं द्यायला त्याला हाक मारायची म्हणजे लाज वाटते मला. तू असतास तर लाज कसली?"

धाकटा भिंतीकडे तोंड करून बसला होता. थोरल्यानं डोळे पुसले नाहीत. त्याला त्या ठोंब्याचा असा काही हेवा वाटला, की तसा धाकट्याचाही कधी वाटला नव्हता. आता तो उठून भिंतीपलीकडे गेला असता, तर अण्णांनी फोन बाजूला ठेवून त्याला बसा म्हटलं असतं, आणि मान देऊन पाणी मागितलं असतं.

"त्याला करू दे, अण्णा," तो म्हणाला. "त्याला त्याचं काही वाटत नाही."

"तुला काय माहीत त्याला काय वाटतं ते? तू येतोस कधी, ते सांग."

"निघालोच," थोरला म्हणाला, आणि स्टुलावर तसाच बसून राहिला.